सिम्युलेशनचं इनपुट ठरवायला फिटडिस्ट्रप्लस कसं आहे? उद्यमबागेतल्या शॉपवर वापरून लिहायलोय

आधी निकाल सांगतो, घ्या. फिटडिस्ट्रप्लस म्हणजे आपल्या मोजलेल्या आकड्यांना कुठलं डिस्ट्रिब्युशन, म्हणजे कुठला आकडा किती वेळा येतो याचा कुठला ठरलेला आकार, बसतो ते बघायचं पॅकेज. फुकट आहे, आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत चालतं, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं, आणि शॉपचं, दवाखान्याचं, गोडाऊनचं, कशाचंही सिम्युलेशन, म्हणजे कंप्युटरवर नक्कल चालवून बघणं, करत असाल तर हे पॅकेज हाताशी असायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. खरं ते काय करतं आणि काय करत नाही हे नीट कळल्याशिवाय घेतलं तर उपयोग निम्मा पण होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागात शॉपवर काम करणारी आणि इंजिनिअरिंगला असलेली आपली भरपूर पोरं आहेत, त्यांना मराठीत असलं काही वाचायला मिळत नाही, हे पण एक कारण.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये प्लॅनिंग बघतो. फौंड्रीतून कास्टिंग येतात, आमच्याकडं टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग होऊन पुढं जातात. मालकांचा प्रश्न साधा होता, अजून एक व्हीएमसी, म्हणजे कंप्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, घ्यायची का नको. आर मध्येच सिमर म्हणून एक पॅकेज आहे त्यात शॉपचं मॉडेल केलं. जॉब येतो, रांगेत थांबतो, मशीनवर चढतो, उतरतो, इन्स्पेक्शनला जातो, एवढंच. हे लिहून काढायला फार डोकं लागत नाही. डोकं लागतं ते पुढं, म्हणजे दोन जॉबच्या मधलं अंतर किती धरायचं, मशीनवर किती वेळ धरायचा, मशीन किती वेळ चालल्यावर बंद पडतं, बंद पडलं की चालू व्हायला किती वेळ लागतो. हे आकडे कंप्युटर दरवेळी नवीन काढणार, खरं कुठल्या डिस्ट्रिब्युशनमधनं काढायचे ते आपणच सांगायचं असतं, आणि तिथंच बहुतेक लोक हात झटकून मोकळे होतात, सरासरी काढायची आणि टाकून द्यायची.

सरासरीवर का भागत नाही ते एका हिशोबानं सांगतो, कारण हे पटलं नाही तर हे पॅकेज कशाला पाहिजे तेच कळणार नाही. समजा जॉब सरासरी २० मिनिटाला एक येतो, मधलं अंतर एक्स्पोनेन्शियल आहे, म्हणजे छोटी अंतरं जास्त आणि मधनंच एखादं लांब, आणि एकाच मशीनवर जॉबला सरासरी १८ मिनिटं लागतात, म्हणजे मशीन ९० टक्के वेळ बिझी. आता प्रत्येक जॉबला बरोब्बर १८ मिनिटंच लागली तर जॉब मशीनसमोर सरासरी ८१ मिनिटं थांबून राहतो. लागणारा वेळ एक्स्पोनेन्शियल धरला, सरासरी तीच १८, तर थांबणं १६२ मिनिटं, सरळ डबल. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, सरासरीच्या निम्मं धरलं तर १०१ मिनिटं, दीडपट धरलं तर २६३. सगळीकडं सरासरी १८च आहे बघा. हा १९३० च्या सुमाराचा पोलाचेक आणि खिंचिन यांचा फॉर्म्युला आहे, कागदावर करून बघता येतो. म्हणजे मशीन घ्यायचं का नको हा लाखोंचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सरासरीत नाही तर आकडे किती पसरलेत त्यात आहे. ही गोष्ट मी शॉपवर जमेल त्याला सांगत असतो.

दुसरी सवय म्हणजे सगळीकडं नॉर्मल, म्हणजे घंटेसारखं दोन्हीकडं सारखं उतरणारं डिस्ट्रिब्युशन, टाकायचं, कारण कॉलेजात तेच शिकवलेलं असतं. लोडिंगला सरासरी ६ मिनिटं, स्टँडर्ड डेव्हिएशन ४ मिनिटं, असं नॉर्मल टाकलं तर शंभरातली साडेसहा-सात रीडिंग शून्याच्या खाली येतात. उणे वेळ म्हणजे काय? मग कुणी ती शून्य करतं, कुणी फेकून देऊन परत काढतं. फेकून दिली तर सरासरी ६ ची साधारण ६.५६ होते, म्हणजे मोजून आणलेली सरासरीच बदलली आणि कुणाला पत्ता नाही. कामाला लागणारा वेळ जवळपास नेहमी उजवीकडं ओढलेला असतो, बहुतेक वेळा लवकर होतं आणि मधनंच कधीतरी लई उशीर. त्याला लॉगनॉर्मल, गॅमा, वायबुल ही मंडळी लागतात. आणि यातलं कुठलं, ते ठरवायला हे पॅकेज.

फ्रान्समधल्या मारी-लोर देलिन्येत-म्युलेर, क्रिस्तोफ द्युतांग आणि त्यांच्या साथीदारांनी केलेलं आहे. सोबत सरावाला डेटा येतो त्यातला एक फ्रान्समधल्या पाच वर्षांखालच्या मुलांनी खाल्लेल्या मांसाच्या पॅटीच्या वजनांचा आहे, म्हणजे मूळ ओढा अन्नसुरक्षा, विषबाधा असल्या रिस्कच्या हिशोबाकडं दिसतो. मशीन शॉपचं त्यात काही नाही. खरं पॉझिटिव्ह आकडे आणि उजवीकडं लांब शेपूट हे दोन्हीकडं सारखंच, त्यामुळं अडत काही नाही. आर असलं की एका ओळीत इन्स्टॉल होतं, एकदा नेट पाहिजे, नंतर नेट नसलं तरी चालतं.

पहिलं फंक्शन प्लॉटडिस्ट. दिसायला साधं, हिस्टोग्राम आणि त्याच्या शेजारी क्युम्युलेटिव्ह ग्राफ, म्हणजे अमुक आकड्यापर्यंत किती टक्के रीडिंग येतात ते, बास. खरं माझ्या मते निम्मं काम इथंच होतं, पुढची सगळी गंमत सोडली तरी. आमच्या एका मिलिंग मशीनच्या लॉगबुकातली रीडिंग घालून बघितली तर दोन टेकड्या दिसल्या. एक टेकडी वीस मिनिटाच्या आसपास आणि एक पस्तिसाच्या. असल्या डेटाला जगातलं कुठलंच एक डिस्ट्रिब्युशन बसत नाही, आणि बसवायला जायचं पण नाही, तर शोधायचं की दोन का आहेत. शॉपवर जाऊन लॉगबुकाची पानं ऑपरेटर मामांबरोबर उलटली. एकाच पार्ट नंबरखाली दोन साईजचे हाउसिंग लिहिले जात होते, छोट्याला हातानं उचलून फिक्स्चरवर ठेवतात आणि मोठ्याला क्रेन लागते, क्रेन मोकळी नसली की थांबायचं. दोन वेगळे केले, दोन्हींचा हिस्टोग्राम एकेका टेकडीचा झाला. हे सॉफ्टवेअरनं सांगितलं नाही, मामांनी सांगितलं, खरं विचारायला जायची बुद्धी त्या चित्रानं दिली.

त्याच हिस्टोग्राममध्ये अजून एक दिसतं. कप्पे बारीक केले की १५, २०, २५, ३० वर खांब उभे आणि मध्ये दऱ्या. साहजिक आहे, हातात ग्रीस लागलेला माणूस घड्याळात बघून १८ का १९ हे लिहीत बसणार नाही, तो २० लिहितो. यावर पुढं येतो, कारण या पॅकेजचं सगळ्यात भारी अंग त्यातच आहे.

आणि एक गोष्ट चित्र बघताना डोक्यात ठेवायची, सीएनसीचा, म्हणजे कंप्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, प्रोग्राम ठरलेला असतो. कटिंगला १४ मिनिटं लागतात म्हणजे लागतात, त्याच्या खाली आकडा येऊच शकत नाही. तर अख्ख्या वेळेला डिस्ट्रिब्युशन बसवण्यापेक्षा ती १४ बाजूला काढायची आणि उरलेल्या वेळेला, म्हणजे जॉब लावणं, काढणं, गेज लावून बघणं, चिप साफ करणं, याला बसवायचं. सिम्युलेशनमध्ये परत १४ मिळवायची. नाहीतर मॉडेलमध्ये मधनंच एखादा जॉब आठ मिनिटांत झालेला दिसतो आणि मग मालक पहिलाच प्रश्न तो विचारतात.

डेस्कडिस्ट नावाचं दुसरं फंक्शन आहे, त्यात कलन आणि फ्रे ग्राफ येतो. आडव्या अक्षावर स्क्यूनेसचा (डेटा एकीकडं किती ओढलाय त्या मापाचा) वर्ग, उभ्यावर कर्टोसिस (शेपट्या किती जड आहेत ते माप), तो पण वरनं खाली वाढत जाणारा, त्यामुळं पहिल्यांदा बघताना उलटं वाटतं. नॉर्मल एक ठिपका, शून्य आणि ३ वर. युनिफॉर्म शून्य आणि १.८ वर. एक्स्पोनेन्शियल ४ आणि ९ वर. गॅमा आणि लॉगनॉर्मल रेषा, बीटा हा पूर्ण पट्टा. आपल्या डेटाचा ठिपका कुठं पडतो ते बघायचं. छान आहे, खरं नुसता एक ठिपका बघून भुलू नका. बूट हे ऑप्शन हजारावर ठेवलं की आपल्याच डेटातनं परत परत सँपल काढून ठिपक्यांचा ढग दाखवतो, आणि आमच्याकडं असतात तशी शंभर-सव्वाशे रीडिंग असली तर तो ढग एवढा पसरतो की नॉर्मल सोडून सगळेच त्यात बसतात. कर्टोसिस हा आकडा फार नाजूक, एखादं मोठं रीडिंग आलं की लांब पळतो. म्हणून याचा उपयोग एवढाच, कोण नक्की नाही ते कळतं. तेवढं पण पुष्कळ आहे.

मुख्य काम फिटडिस्ट करतं. डेटा द्यायचा, नाव द्यायचं, लॉगनॉर्मल, गॅमा, वायबुल, ते मॅक्झिमम लाइकलीहुडनं (एमएलई), म्हणजे आपला डेटा येण्याची शक्यता सगळ्यात जास्त होईल असे, पॅरामीटर (आकार ठरवणारे आकडे) काढून देतं, स्टँडर्ड एररसकट. मोमेंट, क्वांटाईल असल्या दुसऱ्या पद्धती पण आहेत. यात तक्रारीला जागा नाही. मजा आहे ती चार कंपेरिझन ग्राफमध्ये, कारण तिन्ही फिट एकाच चित्रावर एकावर एक घालून बघता येतात. डेन्सिटी, क्युम्युलेटिव्ह, पीपी आणि क्यूक्यू. पीपीत डेटा आणि फिटच्या टक्क्यांची तुलना असते, क्यूक्यूत प्रत्यक्ष आकड्यांची. लोक डेन्सिटीचाच बघतात कारण तो हिस्टोग्रामवर मस्त बसलेला दिसतो. सिम्युलेशनवाल्यानं क्यूक्यू बघावा. पीपी मधला भाग चांगला दाखवतो, क्यूक्यू टोकं दाखवतो, आणि शॉपवर घोळ होतो तो टोकाच्या जॉबनं. आमच्या लोडिंगच्या डेटावर तिन्ही रेषा मधल्या भागात एकमेकींवर चिकटलेल्या होत्या, अगदी बोट ठेवून पण वेगळ्या करता येईनात, आणि वरच्या कोपऱ्यात शेवटच्या पाच-सहा ठिपक्यांवर त्या फुटल्या, वायबुल लवकर वाकलं, गॅमा त्याच्या जरा पुढं, लॉगनॉर्मल ठिपक्यांबरोबर गेलं. ते पाच-सहा ठिपके कुठले ते पण बघितलं. क्रेन अडकलेली, एकदा फिक्स्चरचा क्लॅम्प घसरलेला, असली खरी कारणं होती, कुणी जेवायला गेला म्हणून लांबलेलं नव्हतं. म्हणून ते ठेवले. जेवणामुळं लांबलेले असते तर काढून टाकायला पाहिजे होते, कारण जेवणाची सुट्टी मॉडेलमध्ये वेगळी धरलेली असते, ती दोनदा मोजली गेली असती. असा प्रत्येक टोकाचा ठिपका हातात घेऊन बघायला लागतो, त्याला शॉर्टकट नाही.

इथं मला हे पॅकेज पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरपेक्षा आवडतं. मी दुसरीकडं वापरलेलं एक सॉफ्टवेअर होतं, नाव घेत नाही, त्यात एक बटन दाबलं की वीस-पंचवीस डिस्ट्रिब्युशन लावून वरनं खाली नंबर देऊन टाकायचं, पहिला नंबर घ्या आणि जावा. हिस्टोग्रामचे कप्पे बदलले की पहिला नंबर पण बदलायचा. पहिल्या नंबरावर कधी असलं काहीतरी यायचं ज्याचा आपल्या कामाशी काडीचा संबंध नाही, नुसते चार पॅरामीटर असल्यामुळं कुठंही वाकतं आणि बसतं. फिटडिस्ट्रप्लस असा एक विजेता ठरवून देत नाही. तुम्ही नावं द्यायची, म्हणजे ती नावं का दिली याचा विचार तुम्हालाच करायला लागतो. येण्याचं अंतर असेल, गिऱ्हाईक एकमेकाला न विचारता आपापलं येत असेल तर एक्स्पोनेन्शियल का ते सांगता येतं. एर्लांगनं १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कॉलवर काम केलं ते याच धर्तीवर. मशीनचा एखादा भाग झिजत झिजत जाऊन बिघडत असेल तर वायबुल, आणि त्याचा शेप हा पॅरामीटर १ च्या वर यायला पाहिजे. बेअरिंगच्या डेटावर शेप १ च्या खाली आला तर त्याचा अर्थ नवीन बेअरिंग जुन्यापेक्षा जास्त जातात, म्हणजे बसवण्यात काहीतरी गडबड आहे किंवा नोंदीत. फिट बरोबर आहे का नाही हे ठरवायला असली माहिती ग्राफपेक्षा जास्त कामाची.

जीओएफस्टॅट एका टेबलात केएस, क्रामर-फॉन मिझेस, अँडरसन-डार्लिंग हे फिट डेटापासून किती लांब आहे ते सांगणारे तिन्ही आकडे आणि खाली एआयसी, बीआयसी, म्हणजे जास्त पॅरामीटरला दंड लावून तुलना करणारे आकडे, देतं. पोरं विचारतात टेस्ट पास का नापास ते ठरवायची पी-व्हॅल्यू कुठं आहे. ती ठळक दाखवत नाही, आणि बरं करतं. केएस टेस्टचं पुस्तकातलं टेबल तेव्हाच लागू होतं जेव्हा पॅरामीटर आधीच माहीत असतात. आपण तर त्याच डेटातनं पॅरामीटर काढतो आणि त्याच डेटावर टेस्ट लावतो, मग ते टेबल फारच सढळ होतं, सगळ्याला पास करत सुटतं. लिलिफोर्सनं १९६७ साली नॉर्मलसाठी वेगळं टेबल केलं ते याच्यासाठीच. शिवाय रीडिंग वीस-पंचवीस असली तर कुठलंही डिस्ट्रिब्युशन पास होतं आणि सेन्सरवरनं हजारो आली तर सगळीच नापास होतात, कारण खरा डेटा कुठल्याच फॉर्म्युल्यातनं निघालेला नसतो. मी तीन उमेदवारांत अँडरसन-डार्लिंगचा आकडा बघतो, तो टोकांना जास्त वजन देतो म्हणून, आणि एआयसी बघतो. आणि दोन जवळजवळ सारखे आले तर दोन्ही घालून सिम्युलेशन चालवतो. आमच्याकडं लॉगनॉर्मल आणि गॅमानं सरासरी थांबणं जवळजवळ सारखं दिलं, खरं उशिरा जाणाऱ्या जॉबचं प्रमाण लॉगनॉर्मलनं जास्त दिलं. डिलिव्हरीची तारीख देताना तेच बघायचं असतं.

आता भारी अंग. फिटडिस्टसेन्स. हे एक फंक्शन असलं तरी पॅकेज घ्यावं असं मी म्हणेन. टूल लाईफचा डेटा घ्या. इन्सर्ट किती जॉब टिकतो ते लिहायचं. खरं शिफ्ट संपत आली की ऑपरेटर इन्सर्ट चांगला असला तरी बदलून जातो, पुढच्या शिफ्टच्या माणसाला त्रास नको म्हणून, किंवा नवीन मोठी लॉट लावायची असते म्हणून. लॉगबुकात दोन्ही सारखेच दिसतात, ४० जॉबवर बदलला. एक खरंच झिजलेला होता, दुसरा अजून पंचवीस जॉब गेला असता. दोन्ही सारखे धरले तर टूल लाईफ आहे त्यापेक्षा कमी निघते आणि दुसरे टाकून दिले तरी कमीच निघते, कारण जास्त टिकणारेच जास्त करून असे मधे बदलले जातात. फिटडिस्टसेन्सला दोन कॉलम द्यायचे, लेफ्ट आणि राईट. झिजलेल्याला दोन्हीत ४०. चांगला असताना काढलेल्याला लेफ्टमध्ये ४० आणि राईट रिकामं, म्हणजे किमान ४० टिकला, पुढचं माहीत नाही. ते याचा बरोबर हिशोब धरून वायबुल बसवतं. आम्ही लॉगबुकात एक कॉलम वाढवला, झिजला का काढला, एका अक्षरात लिहायचं. सुरुवातीला मामा म्हणाले, "अजून एक लिहायचं काढलासा की." नंतर सवय झाली, आणि आता विचारायच्या आधी तेच सांगतात.

आणि ती पाच मिनिटाला राऊंड केलेली रीडिंग, ती पण यात बसतात. २० लिहिलंय म्हणजे १७.५ ते २२.५ च्या मध्ये कुठंतरी, लेफ्ट १७.५, राईट २२.५. खोटी अचूकता दाखवायची गरजच उरत नाही. स्टॉपवॉच घेऊन माणसाच्या डोक्यावर उभं राहिलं की तो वेगळंच काम करतो, त्यापेक्षा राऊंड केलेलं लॉगबुक बरं.

आता न आवडलेलं आणि सांभाळायचं.

एरर मेसेज भयंकर. एमएलई फेल झालं, एरर कोड १००, एवढंच येतं. नवीन माणूस तिथंच सोडून देतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं, आकडे फार मोठे आहेत. ब्रेकडाऊनचा वेळ सेकंदात घातला तर गॅमा अडतो, तासात घातला की चालतो. बीटा लावायचा असेल तर डेटा ० आणि १ च्या मध्येच पाहिजे. लॉगनॉर्मलला शून्य चालत नाही, आणि लॉगबुकात शून्य हमखास असतात, कारण करंट गेला की त्या ओळीत शून्य लिहायची पद्धत. ती शून्यं काढायची, खरं का होती ते बघून काढायची. ट्रँग्युलर, म्हणजे त्रिकोणी आकाराचं डिस्ट्रिब्युशन, हे मूळ पॅकेजात येत नाही, दुसऱ्या पॅकेजातनं आणायला लागतं आणि सुरुवातीचे अंदाज आपण द्यायला लागतात. सगळं हेल्प इंग्लिशमध्ये आहे, समजायला अवघड नाही खरं लई लांब आहे.

दुसरं मोठं. हे पॅकेज तुमच्या डेटाचा क्रम बघतच नाही. सगळी रीडिंग एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि सगळा काळ सारखाच आहे असं धरूनच चालतं, आणि तसं नसलं तर सांगत पण नाही. ते आपण बघायचं. रीडिंग ज्या क्रमानं आली त्या क्रमानं साधा लाईन ग्राफ काढा, आणि एक रीडिंग विरुद्ध पुढचं रीडिंग असा ठिपक्यांचा ग्राफ काढा. आमच्याकडं आषाढ-श्रावणात भात लावणी लागली की येळ्ळूर, खानापूर बाजूचे निम्मे लोक रजेवर, मग सुगीला परत तेच. त्या आठवड्यात नवीन माणूस मशीनवर, वेळ वाढलेला, आणि तो सलग वाढलेला. सगळं वर्ष एकत्र घालून एक लॉगनॉर्मल बसवला तर ग्राफ छान दिसेल, खरं सिम्युलेशनमध्ये ते लांबलेले जॉब वर्षभर मीठ भुरभुरल्यासारखे सगळीकडं पसरले जातील आणि जुलैत जी खरी तुंबून राहते ती रांग दिसणारच नाही. आम्ही लावणी-सुगी वेगळी आणि बाकीचे महिने वेगळे केले.

चिक्कोडी, अथणीकडं कारखान्यात काम करणाऱ्या एका मित्रानं गाळप हंगामातली वजनकाट्याची रांग बघायची म्हणून विचारलं होतं. त्याला हेच सांगितलं. उसाचे ट्रॅक्टर एक्स्पोनेन्शियलनं येत नाहीत. टोळीचा फड एकदम भरतो, चार-पाच ट्रॅक्टर लागोपाठ निघतात, आणि तोडणी दिवसा असते म्हणून यार्डात गर्दी ठराविक तासांनाच होते. तिथं आधी तासागणिक येण्याचा दर काढायचा, वेळेनुसार दर बदलणारा पॉयसन प्रोसेस (आपापलं येणाऱ्यांचं मॉडेल) करायचा आणि एकदम किती येतात ते वेगळं धरायचं. फिटडिस्ट्रप्लस तिथं काट्यावर लागणाऱ्या वेळेला उपयोगी पडेल, येण्याला नाही.

ब्रेकडाऊनबद्दल एक. दोन बिघाडांमधलं अंतर कॅलेंडरवरनं काढू नका, मशीन प्रत्यक्ष किती तास चाललं त्यावर काढा. बंद मशीन बिघडत नाही. हंगाम मंदा असला की कॅलेंडरवर मशीन एकदम चांगलं वागल्यासारखं दिसतं आणि ऑर्डर वाढली की तेच मॉडेल तोंडावर पडतं.

आणि डेटाच नसला तर? नवीन व्हीएमसीवर सेटिंगला किती वेळ लागेल याचा डेटा कुठनं आणणार, मशीनच आलं नाही. तिथं हे पॅकेज काही करू शकत नाही. आम्ही दोन अनुभवी सेटरना विचारलं.

"मामा, कमीत कमी किती?"

"दहा मिनटं."

"नेहमी?"

"पंधरा धरा की."

"आणि लईच अडलं तर?"

"तासभर बी जातंय."

१०, १५, ६०. बहुतेक लोक इथं ट्रँग्युलर टाकून पुढं जातात. ट्रँग्युलरची सरासरी तिन्हींची बेरीज भागिले ३, म्हणजे २८.३ मिनिटं. तेच आकडे पर्ट नावाच्या गोलसर आकारात घातले तर मधल्याला चौपट वजन मिळतं, सरासरी २१.७. एकाच माणसाचं एकच बोलणं, आणि सेटिंगमागं साडेसहा मिनिटांचा फरक, नुसता आकार कुठला घेतला त्यावर. तर त्यांना चौथा प्रश्न विचारायचा, दहातली किती सेटिंग अर्ध्या तासाच्या वर जातात. ट्रँग्युलर म्हणतं चार, पर्ट म्हणतं दोनच्या आसपास. सेटर म्हणाले एखाद-दुसरं. मग पर्ट घेतलं. शिवाय माणूस सांगतो तो जास्तीत जास्त आकडा म्हणजे त्याला आठवणारा जास्तीत जास्त, खरा नव्हे, त्यामुळं मॉडेलमध्ये ६० च्या जागी ९० घालून पण चालवून बघितलं.

शेवटी बूटडिस्ट. शंभर रीडिंगमधनं काढलेले पॅरामीटर म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, दुसरी शंभर घेतली असती तर थोडे वेगळे आले असते. बूटडिस्ट तसे हजारभर पॅरामीटरचे जोड काढून देतं. लोक ते बघून कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा आकडा साधारण ज्यात असेल तो पट्टा, लिहितात आणि सोडून देतात. खरा उपयोग असा, सिम्युलेशनच्या प्रत्येक रनला त्यातला वेगळा जोड द्यायचा. मग उत्तराचा पसारा वाढतो, आणि तोच खरा पसारा. सगळ्या रनला एकच पॅरामीटर ठेवून रन वाढवत नेले तर इंटर्व्हल अगदी बारीक होत जातो आणि सगळ्यांना वाटतं लई अचूक उत्तर आलं, खरं ते आपल्या शंभर रीडिंगांपेक्षा जास्त अचूक असूच शकत नाही. मालकांना मी एक आकडा न देता पट्टा दिला, नवीन मशीन घेतलं तर थांबणं इतक्यापासून इतक्यापर्यंत कमी होईल. त्यांनी विचारलं एवढा मोठा पट्टा का. मी म्हटलं क्रेनचा डेटा कमी आहे, तो वाढला की पट्टा बारीक होईल. आता क्रेनच्या खांबाला एक वही टांगलेली आहे.

कुणी घ्यावं? ज्यांच्याकडं तीस-चाळीसच्या वर तरी बरी रीडिंग आहेत, आर थोडं येतं आणि शॉपवर उतरून विचारायची तयारी आहे त्यांनी लगेच घ्या. वीसच्या खाली रीडिंग असतील तर आधी वही घाला. सेन्सरवरनं हजारोंनी डेटा येत असेल तर फॉर्म्युला बसवायचा हट्ट पण करू नका, आहे त्या डेटातनंच सिम्युलेशनला उचलू द्या, फक्त त्यात बघितलेल्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर कधीच काही येणार नाही हे लक्षात ठेवून. प्रोजेक्टवाल्या पोरांनी निदान प्लॉटडिस्ट, क्यूक्यू आणि फिटडिस्टसेन्स एवढी तीन शिकूनच व्हायव्हाला जावं, "एक्स्पोनेन्शियल का घेतलं" याला "सर, सगळे घेतात" हे उत्तर चालत नाही. माझ्याकडनं पाचातले साडेचार. अर्धा त्या एरर कोडसाठी आणि क्रमाबद्दल अवाक्षर न काढण्यासाठी.